नागपूर तर आधीपासूनच तापतं, मग आत्ताच एवढी घाई कशाला?

प्रश्न काय होता ते आधी थोडक्यात सांगते. एका भाऊंनी विचारलंय की बेसा साइडला 1500 फुटांच्या प्लॉटवर घर बांधून राहिलो, खाली 1000 आणि वर 1000 फूट, प्लिंथ झाली, भिंती चढत आहेत, पुढच्या महिन्यात लिंटेल (दार-खिडक्यांवरचा काँक्रीटचा पट्टा) आणि मग पहिला स्लॅब. बायको म्हणते घर तापायला नको. बाबा म्हणतात नागपूर आधीपासूनच 45-46 ला जाते, आम्ही नाही का उन्हाळे काढले, एसी लावून टाकू. टीव्हीवर रोज क्लायमेट चेंज आणि तातडी तातडी चालू असते. तर खरंच एवढी घाई आहे का, आणि असली तर माझ्यासारख्या एकट्या माणसाने काय करायचं?

भाऊ, बाबांचं जे खरं आहे ते आधी मान्य करते. नागपूरचा 45 काही आजचा नाही. हवामान खातं मैदानी भागात 45 ला उष्णतेची लाट म्हणतं आणि 47 ला तीव्र लाट, आणि आपण 45 लहानपणापासून पाहत आलोय, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला की कांदा खिशात, शेला डोक्याला आणि पन्हं माठात. मी 24 वर्षं हेच काम करते, आधी साइटवर सिव्हिल इंजिनिअर होते, नंतर घरांचं आणि छोट्या कारखान्यांचं एनर्जी ऑडिट सुरू केलं, त्यामुळे कोणी नुसता दुपारचा 46 चा आकडा दाखवून बघा बघा क्लायमेट चेंज म्हणालं तर मला ते पुरत नाही. पण माझ्या मते आपण सगळे चुकीच्या वेळेचा आकडा बघतो. दुपारचा नाही, रात्री 11 चा आकडा बघायला पाहिजे.

मागे एका मे महिन्यात हुडकेश्वर साइडच्या एका घरी गेले होते, बिल फार येतं म्हणून बोलावलं होतं. रात्रीची वेळ मीच मागून घेतली. वरचा मजला, 5 इंची स्लॅब, वर कोबा आणि त्याचा तो सिमेंटचा राखाडी रंग, बाकी काही नाही. खोलीत उभं राहून टेंपरेचर गन छताला धरली तर 41. बाहेर अंगणात हवा होती 33. म्हणजे सूर्य मावळून चार तास झाले तरी छत बाहेरच्या हवेपेक्षा 8 अंशांनी गरम. पंखा चालू होता, पण तो छताजवळची तीच तापलेली हवा खाली ढकलत होता. घरातल्या आजी जिन्यात बसल्या होत्या, खालून तिसऱ्या पायरीवर, मानेवर ओला पंचा, कारण घरात तेवढ्याच जागी थोडी हवा लागत होती. एसी मुलाच्या खोलीत होता आणि त्याचं आउटडोअर युनिट नेमकं आजींच्या खिडकीबाहेर लावलेलं, म्हणजे एका खोलीतली गरमी काढून दुसऱ्या खोलीच्या तोंडावर सोडलेली. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवसाचं काही नाही गं पोरी, दिवस निघून जातो. रात्र सरत नाही." मी त्यानंतर बऱ्याच घरांत हेच ऐकलंय, शब्द वेगळे असतील.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तुमचा 1000 फुटांचा 5 इंची स्लॅब म्हणजे साधारण 28-29 टन काँक्रीट. दिवसभरात तो सरासरी 20 अंशांनी जरी तापला तरी त्यात 140 युनिटच्या आसपास उष्णता भरली जाते. दीड हजार वॅटचे दहा हीटर रात्री नऊ तास चालू ठेवले तर जेवढी होईल तेवढी. त्यातली बरीचशी आकाशाकडे निघून जाते, पण जी खाली येते ती तुमच्या पलंगावर येते, आणि येते कधी तर चार-पाच तास उशिरा, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळेला. आपलं शहर 21 अक्षांशावर आहे, 26 मे च्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावली म्हणतात तो दिवस, आणि तो नवतपाच्या अगदी सुरुवातीला येतो. त्यामुळे मे मध्ये दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही, सगळा मार स्लॅबवर आणि मग संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीवर. लोक भिंतीला महागडा पेंट लावतात आणि छत उघडं सोडतात.

बाबांच्या उन्हाळ्यांकडे येते. त्यांनी काढले हे खरं, पण कशात काढले ते बाबांनाच विचारा. मातीच्या जाड भिंती, कवेलूचं म्हणजे कौलांचं छत, त्या कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जायची, पुढे ओसरी, मागे विहीर, अंगणात कडुनिंब, आणि रात्री खाटा बाहेर. कवेलू दुपारी तापायचे पण जीव केवढासा त्यांचा, सूर्य गेला की तासाभरात थंड. दिवस कडक होता पण शरीराला रात्री सुट्टी मिळत होती. आता आपण त्याच 45 मध्ये 28 टनांचा तवा डोक्यावर घेऊन झोपतो, अंगणात गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक), रस्ता सिमेंटचा, झाड तोडलेलं कारण पानं पडतात, आणि खाट बाहेर टाकायची तर मच्छर आणि गाड्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर नागपूरच्या रात्री गरम होण्यामागे बराच हात या आपल्या काँक्रीटचाच आहे, सगळं जगाच्या डोक्यावर फोडता येत नाही. हवामान खात्यात उष्ण रात्र अशी वेगळी नोंद असते, दिवसाचं तापमान 40 किंवा वर आणि रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, की उष्ण रात्र. पण पेपरच्या हेडलाइनला मात्र दुपारचाच आकडा येतो.

मग जगाचा भाग कुठे आला? तो समजायला आपला कूलर घ्या. मी कूलरला नागपूरची सगळ्यात हुशार वस्तू मानते आणि हे अगदी मनापासून म्हणते. मे मध्ये बाहेर 46 आणि हवेत आर्द्रता 12-15 टक्के, अशा हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, चांगल्या पॅडचा कूलर 46 ची हवा 27-28 पर्यंत आणून देतो, तेही एसीच्या दहाव्या हिश्श्याच्या विजेत. आपलं शरीरही घामाने हेच करतं. पण जून घ्या. बाहेर 36 च आहे, म्हणजे दहा अंशांनी कमी, पण आर्द्रता 65 टक्के. आता तोच कूलर जेमतेम 31 ची चिकट हवा देतो, अंगाला दमट फडकं गुंडाळल्यासारखी. घामही सुकत नाही, नुसता वाहतो. माणसाच्या शरीराची मर्यादा ओल्या फडक्याच्या तापमानात मोजतात, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून जे येतं ते. आधी मानायचे की ते 35 च्या वर गेलं की निरोगी माणूसही टिकत नाही, 2022 मध्ये अमेरिकेत तरुण धडधाकट लोकांवर प्रयोग झाले तर दमट हवेत शरीर स्वतःला थंड ठेवू शकण्याची मर्यादा 31 च्या आसपासच निघाली. आपल्या 46 च्या कोरड्या दुपारी हे ओलं तापमान 22-23 असतं. आणि जूनच्या त्या 36 मध्ये 30.

म्हणजे मे मध्ये आजवर आपल्याला कोरड्या हवेने वाचवलंय. आणि हवा एक अंशाने गरम झाली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. हे भौतिकशास्त्र आहे, यात मत नाही. जग तापलं की समुद्रावरून येणारी हवा जास्त ओली येणार, ती आपल्याकडे पोचली की कूलर हरणार, मग जो तो एसी घेणार, ज्याला परवडत नाही तो आजींसारखा जिन्यात बसणार. माझी काळजी 46 चे 48 होतील ही नाही एवढी. 42 असेल, पण ओलं 42 असेल, आणि रात्री 32 च्या खाली उतरणार नाही, ही आहे. आणि चौकातल्या सिमेंटच्या गोदामात पोती उचलणारा, रोडवर डांबर टाकणारा, तुमच्याच साइटवरचा चौकीदार, जो बायको-पोरं घेऊन टिनाच्या खोलीत राहतो, त्यांच्याकडे जिनाही नसतो.

आता घाईचं. घाई का, याचं उत्तर दोन हिशोबांत आहे.

पहिला हिशोब हवेतल्या कार्बनचा. धूर म्हटलं की आपल्याला वाटतं आज बंद केला तर उद्या हवा साफ. दिवाळीच्या धुराचं तसं होतं. कार्बन डायऑक्साइडचं होत नाही, त्यातला मोठा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो, म्हणून दरवर्षीचा नवा माल जुन्यावर चढतो. कारखाने येण्याआधी हवेत दहा लाखांत 280 भाग होता, आता 420 च्या वर आहे. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं शास्त्रज्ञांचं मंडळ, त्यांचा हिशोब असा की 1000 अब्ज टन टाकले की साधारण 0.45 अंश वाढ, आणि जग वर्षाला 40 अब्ज टनांच्या आसपास टाकतंय. भागाकार करा, 25 वर्षांत जवळजवळ अर्धा अंश. 2015 ला पॅरिसमध्ये ठरलं होतं की कारखाने येण्याआधीच्या तुलनेत वाढ दीड अंशाच्या आत ठेवायचा प्रयत्न करू, आणि 2024 हे पहिलं कॅलेंडर वर्ष निघालं ज्याची सरासरी दीडच्या वर गेली. एका वर्षावरून मर्यादा मोडली असं म्हणत नाहीत, बरीच वर्षं मिळून बघतात, पण आपण उंबरठ्यावर उभे आहोत यात शंका नाही. म्हणून उशिराने केलेलं आणि लवकर केलेलं काम सारखं नसतं. पाच वर्षं थांबून मग दुप्पट जोराने कमी केलं तरी मधल्या पाच वर्षांचा माल वर आहेच, तो खाली आणायची स्वस्त सोय आज कोणाकडे नाही.

दुसरा हिशोब माझ्या धंद्यातला आहे आणि मला तो जास्त छळतो. आपण आज जे ओततो ते किती वर्षं राहतं. तुमचा स्लॅब 50-60 वर्षं राहणार. भारताने नेट झिरोसाठी, म्हणजे जेवढा कार्बन टाकू तेवढा काढूनही घेऊ यासाठी, 2070 साल सांगितलंय, 2021 ला ग्लासगोमध्ये. भाऊ, 2070 ला तुमचा हा स्लॅब उभा असेल. तुमची नात त्याखाली झोपत असेल. म्हणजे 2070 चं घर पुढच्या महिन्यात तुमच्या प्लॉटवर ओतलं जाणार आहे, आणि तसंच मनीष नगरला, वाठोड्याला, कोराडी रोडला, वर्धा रोडला. नागपुरात आत्ता जे बांधून राहिलेत ना, ते पुढच्या अर्ध्या शतकाचं विजेचं बिल आणि पुढच्या अर्ध्या शतकाची गरमी दोन्ही आत्ता ठरवून राहिलेत, आणि बहुतेकांना माहीतही नाही की आपण काही ठरवतोय. फ्रिज दहा वर्षांत बदलता येतो, गाडी बदलता येते, खिडकी कोणत्या दिशेला आहे ते नाही बदलता येत. मला लोक बोलावतात घर झाल्यावर. तेव्हा माझ्या हातात दहापैकी तीन गोष्टी उरलेल्या असतात. तुम्ही स्लॅबच्या आधी विचारलं म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिले.

वीज केंद्राचंही तसंच असतं. कोराडीला कोळशावरची 660 मेगावॉटची तीन मोठी युनिट्स चालतात, शेजारी खापरखेडा आहे, तिकडे चंद्रपूर. 2023 च्या मे महिन्यात, ऐन नवतपात, कोराडीला आणखी दोन 660 च्या युनिट्ससाठी जनसुनावणी झाली. असं एक युनिट उभं राहिलं की 25-30 वर्षं तरी चालणार, कारण त्यात पैसा अडकलेला असतो. मी कोळशाच्या नावाने शिव्या देणारी नाही, त्याच विजेवर माझं घर चालतं आणि त्या प्लांटच्या पगारावर आपल्याकडची किती घरं चालतात ते मला माहीत आहे. पण नवं युनिट का लागतं ते बघा. देशात बसवलेल्या वीज क्षमतेत 2025 ला निम्मी बिगर कोळशाची-तेलाची झाली, 2030 चं टार्गेट पाच वर्षं आधी गाठलं, ही खरंच मोठी गोष्ट आहे. तरी प्रत्यक्ष वापरलेल्या विजेत कोळसा अजून 70 टक्क्यांच्या आसपास आहे, कारण सोलर दिवसा देतं आणि आपल्या घरांना सगळ्यात जास्त हवी असते रात्री 9 ते 1, एसीसाठी, त्या तापलेल्या स्लॅबशी भांडायला. म्हणजे तुमच्या छताची गरमी थेट कोराडीच्या चिमणीला जोडलेली आहे. एक युनिट वीज म्हणजे सरासरी 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. छत थंड ठेवलं तर नेमकी तीच रात्रीची युनिट्स वाचतात जी सोलरने भरून निघत नाहीत. मी इतकी वर्षं छत छत करते ते यासाठी.

तर तुमच्या घराचं. वरचा स्लॅब झाला की वॉटरप्रूफिंगचा कोबा कराल, त्याच्या खाली इन्सुलेशनचा थर टाकून घ्या, एक्सपीएस नावाच्या कडक फोमच्या शीट मिळतात, 50 मिलिमीटरच्या, आणि सगळ्यात वर पांढरी चायना मोझॅक, फुटक्या पांढऱ्या टाइल्सची. नुसत्या उघड्या स्लॅबमधून उष्णता ज्या वेगाने आत येते तो आकडा 3 च्या वर असतो, केंद्राच्या बीईईने, म्हणजे ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या खात्याने, 2018 ला घरांसाठी इको-निवास संहिता काढली त्यात तो 1.2 च्या आत ठेवा म्हटलंय, आणि ही 50 मिलिमीटरची शीट तो 1 च्याही खाली आणते. ती संहिता 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटसाठी लिहिलीय, म्हणजे तुमच्या घराला कोणी विचारायला येणार नाही, पण ऊन प्लॉटचा साइज बघत नाही. बजेट नसेल तर चुना. चुना, थोडं फेविकॉल, दोन हात, एप्रिलच्या सुरुवातीला, दरवर्षी. मी एकाच गच्चीवर अर्धा भाग चुना मारून दुपारी 3 ला मोजलंय, उघडा भाग 62, पांढरा भाग 45. पायाने चालून फरक कळतो, गन लागतच नाही, उघड्या भागावर चप्पल काढली की पाऊल टिकत नाही. पावसाने धुतला जातो आणि धूळ बसते म्हणून लोक कंटाळतात, पण ज्यांच्याकडे टिनाचं छप्पर आहे त्यांच्यासाठी तर यासारखं स्वस्त औषध नाही. अहमदाबादने 2010 च्या मे मध्ये मोठी लाट पाहिली, त्यानंतर 2013 ला देशातला पहिला हीट ॲक्शन प्लॅन केला आणि पुढे वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 ला कूल रूफची पॉलिसीच काढली. आपल्या शहरातही हीट ॲक्शन प्लॅन आहे, दवाखान्यांत कोल्ड वॉर्ड होतात, बागा दुपारी उघड्या ठेवतात, हे चांगलंच आहे, पण बांधकामाचा नकाशा मंजूर करताना छताबद्दल कोणी विचारत नाही तोवर आपण वॉर्ड वाढवत बसू.

पश्चिमेला बेडरूम काढली असेल तर बघा बदलता येते का, तिथे जिना, बाथरूम, स्टोअर घ्या. येत नसेल तर पश्चिमेच्या खिडक्या लहान करा आणि बाहेरून सावली द्या, आतला पडदा कामाचा नाही, काचेतून आत आलेलं ऊन आत आलंच. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो, पश्चिमेला छज्जा पुरत नाही कारण ऊन तिरपं खालून येतं, तिथे जाळी किंवा बांबूचा चिक लावा, आणि प्लॉटच्या बाहेर पश्चिमेलाच कडुनिंब किंवा करंज. आजच लावा, घर होईस्तोवर डोक्याएवढं होईल. भिंती अजून चढायच्या असतील तर पश्चिमेची भिंत तरी एएसी ब्लॉकची (फुगवलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकची) करा. फ्लाय ॲशची वीट चांगली, कोराडी-खापरखेड्याची राख कामी लागते, पण उष्णता अडवण्यात ब्लॉक तिच्या बराच पुढे आहे.

सिमेंटबद्दल एक गोष्ट जी ठेकेदार सांगणार नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये 7-8 टक्के एकट्या सिमेंटचा आहे, कारण चुनखडी 1450 अंशांवर भाजावी लागते, त्यात कोळसा जळतो तो वेगळा आणि चुनखडीतून स्वतःच गॅस निघतो तो वेगळा, दुसराच जास्त. तुमच्या 2000 फुटांना 800 पोती तरी लागतील, 40 टन. सगळं ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, वापरलं तर 34 टनांच्या आसपास कार्बन झाला. पीपीसी घ्या, ज्यात राख मिसळलेली असते, तर त्यातले दहाएक टन वाचतात आणि खिशातून जास्तीचं काही जात नाही, उलट पोतं थोडं स्वस्तच पडतं. मिस्त्री म्हणेल पीपीसी लवकर पकडत नाही, सेंट्रिंग उशिरा खोलावं लागेल. बरोबर आहे त्याचं. उशिरा खोला. आणि तराई, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारणं, नीट करा, दोन आठवडे पूर्ण, उन्हाळ्यात गोणपाट टाकून, कारण आपल्याकडे मे मध्ये ओतलेले स्लॅब तडकतात ते सिमेंटमुळे कमी आणि तराईच्या आळसामुळे जास्त. घराने 60 वर्षं टिकणं हीच मोठी बचत आहे, 25 वर्षांत पाडून पुन्हा बांधलं तर सगळा हिशोब डबल.

सोलरचं तुम्हाला माहीतच असेल, 3 किलोवॅटला केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून 78,000 सबसिडी आहे, नागपुरात 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, म्हणजे 3 किलोवॅटमागे वर्षाला तीन टनांच्या आसपास कार्बन वाचतो. पॅनल उंचावर लावा म्हणजे छताला सावलीही होते. एसी घ्याच, मी नको म्हणणार नाही, घरात म्हातारं माणूस आहे, फक्त आधी छत करा मग एसी, म्हणजे दोनऐवजी एकात भागेल. 5 स्टार, आर-32 किंवा आर-290 गॅसचा, आणि 26 वर ठेवून सोबत पंखा. मेकॅनिक जुना गॅस हवेत सोडतो तेव्हा ते रोखा, हात जोडून सांगते, आर-410 ए चा एक किलो म्हणजे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. आणि आउटडोअर युनिट कोणाच्या खिडकीसमोर नको.

अंगण पूर्ण गट्टूने भरू नका. हे गरमीसाठी आहेच पण पाण्यासाठी जास्त. 2019 च्या जुलैमध्ये पेंच धरणाचं पाणी इतकं खाली गेलं की शहराला एक दिवसाआड पाणी आलं, पावसाळ्यात. आणि 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात शिरली, लोक झोपेतून उठले तेव्हा पलंगाखाली पाणी. चारच वर्षांत एकाच शहराने दोन्ही पाहिलं. वाफ जास्त मावणारी हवा उशिरा देते आणि देते तेव्हा एकदम ओतते, संत्र्यावाल्या शेतकऱ्यांना विचारा, काटोल-नरखेडला आंबिया बहाराची फळं कधी उन्हाने गळतात कधी सततच्या पावसाने. तर प्लॉटचा एक कोपरा मातीचा ठेवा, छताचं पाणी शोषखड्ड्यात सोडा, आणि प्लिंथ रस्त्याच्या लेव्हलपेक्षा पुरेशी वर आहे का ते बघा, कारण सिमेंट रोड झाला की रस्ता वर येतो आणि घर खड्ड्यात जातं.

शेवटचा प्रश्न, मी एकट्याने काय करणार. हा मला प्रत्येक ऑडिटमध्ये विचारतात आणि त्यामागे एक राग असतो जो मला कळतो. अमेरिकेचा माणूस वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन टाकतो, आपला 2 टनांच्या आसपास, आणि तो जिन्यात बसलेल्या आजींचा तर त्याहून कितीतरी कमी. त्यांनी जास्त केलं, त्यांनी जास्त भरावं, हे ठणकावून सांगायलाच पाहिजे. पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत तुमचा स्लॅब थांबणार नाही ना. आणि एकटे तुम्ही नाही. तुमच्या लेआउटमध्ये किती प्लॉट आहेत, 60? 80? त्यातले निम्मे पुढच्या पाच वर्षांत बांधतील, बघून बघूनच बांधतात सगळे, मी पाहिलंय, एकाने पांढरं छत केलं आणि मे मध्ये शेजारी रात्री गप्पा मारायला वर आला की पुढच्या वर्षी त्याचंही होतं. नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा रस्ता आणि नाली सोबत हेही मागा की नकाशा मंजुरीत छत आणि झाड तपासा, टिनाच्या वस्त्यांची छपरं मनपाने पांढरी करून द्या. हे मागणारं कोणी येत नाही म्हणून ते होत नाही, मी बैठकांना बसलेय, खरंच कोणी येत नाही.

आता एवढं करा. लिंटेलच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, नकाशा घेऊन दुपारी 4 ला साइटवर जा आणि पश्चिमेच्या भिंतीसमोर पंधरा मिनिटं उभे राहा. बाबांना सोबत न्या. कोणत्या खिडकीतून ऊन सरळ चेहऱ्यावर येतं ते खडूने भिंतीवर लिहा, तिचं माप मिस्त्रीला तिथेच कमी करून द्या, लिंटेल ओतलं की मग ते होणार नाही. आणि चौकीदाराच्या टिनावर त्याच दिवशी एक हात चुना मारून घ्या, पाच किलोच्या पिशवीत होतं. त्याच टिनाखाली राहतो तो, लेकरू आहे ना त्याचं.